जिराफाचे फोटो दर वेळी सॉफ्ट येतायत? लेन्स विकायला काढण्याआधी हे तपासा

केनियाहून परतलेल्या ओळखीच्या फोटोवाल्यांकडून गेल्या दोन वर्षांत मी एकच तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की आता सविस्तर लिहूनच टाकतो. तक्रार अशी: सिंह शार्प, चित्ता शार्प, झेब्रेसुद्धा बरे आलेत. जिराफ मात्र सगळे सॉफ्ट, म्हणजे कडा पुसट. शटर हजारावर (1/1000 सेकंद) होतं, फोकस मानेवर होता, स्टॅबिलायझर चालू होता. मग चुकतंय कुठे?

माझंही पहिल्या खेपेला हेच झालं. ऑगस्टमध्ये केनियातली मसाई मारा आणि अंबोसेली ही रानं. 150-600 मिलिमीटरची लांब लेन्स खास त्या ट्रिपसाठी घेतलेली. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडले तर जिराफ जणू तेलकट काचेतून पाहावा तसा. लेन्स तपासायला दिली, दोष काही निघाला नाही. त्यात बायकोने मोबाइलवर काढलेला एक जिराफ माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा स्वच्छ. तो रस्त्याला अगदी खेटून उभा होता आणि मी तेव्हा लेन्स बदलत बसलो होतो. हे घरात अजून ऐकवलं जातं. पण उत्तर त्या मोबाइलच्या फोटोतच होतं, माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

आधी निदान

एक सॉफ्ट फोटो शंभर टक्के झूम करून उघडा आणि चेहरा सोडून पायांकडे बघा. खुरांजवळचं गवत, गुडघे, पोटाखालची कड.

पाय लहरत्या पाण्यात दिसावेत तसे वाकडेतिकडे, शेजारचं गवतही तसंच चघळल्यासारखं, आणि वर डोकं मात्र त्यामानाने बरं असेल, तर दोष हवेचा आहे. गवत शार्प आणि फक्त पाय पुसट असतील तर जिराफ चालत होता आणि शटर कमी पडलं. जिराफाच्या पुढचं किंवा मागचं गवत कोरीव आणि जिराफ आख्खा मऊ, तर फोकस हुकला. आणि फोटोतली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला ओढल्यासारखी, काट्यांच्या दुहेरी रेषा उमटलेल्या, तर गाडी हलली.

शंका उरलीच तर त्याच क्षणाचे बर्स्टमधले (सलग झपाट्याने काढलेले) दहा-पंधरा फोटो एकामागून एक सरकवून पाहा. हवेचा दोष प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा दिसतो. एकीत कान वाकडा, दुसरीत सरळ, तिसरीत शेपूट तुटल्यासारखी. लेन्सचा दोष असा क्षणाक्षणाला बदलत नाही. माझे पहिल्या ट्रिपचे फोटो असे पाहिले तेव्हा दहातले सात हवेने मारलेले निघाले. उरलेल्या तिनांत बाकी सगळी कारणं.

हवा, म्हणजे झळा

मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दूरची गाडी थरथरताना दिसते, तापलेल्या तव्यावरून पलीकडे पाहिलं तर भिंत हलते, तेच हे. जमीन तापते, तिला लागलेली हवा तापून वर जाते, थंड हवा खाली येते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश सारखाच वाकत नाही. मध्ये असे शेकडो बुडबुडे असले की प्रत्येक किरण वेगळ्या वाटेने लेन्समध्ये शिरतो. डोळ्याला फारसं जाणवत नाही, 600 मिलिमीटरला ते सगळं मोठं होऊन दिसतं.

झळा जमिनीलगत जास्त, वर कमी. म्हणून तर जिराफाचं डोकं बरं आणि पाय विरघळलेले. पाच मीटर उंचीचा हा प्राणी म्हणजे हवेची प्रत मोजायची उभी पट्टीच आहे. सिंहाच्या बाबतीत ही तुलना करायला वावच नसतो, तो आख्खाच खाली असतो.

पण मग सिंह शार्प आणि जिराफ सॉफ्ट, हे उलटं का? इथे माझा खरा मुद्दा येतो. सिंह आपण वीस मीटरवरून काढतो. जिराफ मात्र उंच आहे, म्हणून आपण आपल्याही नकळत त्याला लांबून काढतो. हिशेब करून बघा. पूर्ण नर जिराफ, वर-खाली थोडी जागा ठेवून, म्हणजे फ्रेममध्ये साधारण 6 मीटर उंची हवी. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आडवा धरला आणि लेन्स 600 वर असली, तर तो जिराफ 150 मीटर लांब असावा लागतो. 400 वर 100 मीटर. 200 वर 50 आणि 100 मिलिमीटरवर फक्त 25 मीटर. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सर असेल तर 600 चे ते 150 मीटर सव्वादोनशेवर जातात.

म्हणजे लांब लेन्स लावून पूर्ण जिराफ काढायचा हट्ट धरला, की आपण स्वतःच्या हाताने दीडशे मीटर तापलेली हवा मध्ये आणून ठेवतो. शटर वाढवा, महागडी लेन्स घ्या, ट्रायपॉड लावा, त्या हवेचं काही होत नाही. शटर वाढवल्यावर एवढंच होतं की वाकडा पाय शार्प वाकडा येतो.

आपल्याकडच्या मंडळींना ही सवय ताडोब्याने लावली आहे असं माझं मत. तिथे वाघ दिसला की झूम शेवटपर्यंत फिरवायचा, हात आपोआप तसा जातो. ताडोब्यात ते खपून जातं, कारण बांबूत आणि झाडीत नजरच फार लांब पोचत नाही, आणि सावली असते. माराचं गवताळ मैदान म्हणजे दहा-अकरानंतर तापलेली परातच.

मग करायचं काय

अंतर कमी करा आणि लेन्स आखूड करा. बाकी सगळे उपाय यानंतरचे.

दुसऱ्या खेपेला मी पूर्ण जिराफासाठी 70-200 आणि साधी 24-105 एवढंच वापरलं. मोठी लेन्स फक्त चेहरा, पापण्या, जीभ यांसाठी, तेही चाळीस मीटरच्या आत असेल तरच. (जीभ जवळून बघण्यासारखी असते. जवळजवळ अर्धा मीटर लांब, काळपट जांभळी, आणि बोटभर काट्यांच्या मधून नेमकं पान ओढून काढते.) दुपारी शंभर मीटरवरचा जिराफ दिसला तर कॅमेरा खाली ठेवून दुर्बीण लावायची. त्या वेळी बघणं झकास होतं, फोटो होत नाही.

जवळ जायचं म्हणजे गाडी गवतात घालायची नव्हे. केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांत आणि मारा रिझर्व्हमध्ये रस्ता सोडायला बंदी आहे. शेजारच्या खासगी कॉन्झर्व्हन्सींत (राखीव रानांत) नियम वेगळे असतात, ते तिथेच विचारून घ्या. रस्त्यावर राहूनही अंतर कमी होतं, फक्त जिराफाला यायला वेळ द्यावा लागतो. कळप चरत चरत एका बाभळीवरून दुसरीवर सरकत असतो. तो कुठल्या दिशेला चाललाय ते पाच मिनिटं बघा आणि रस्त्यालगतच्या पुढच्या बाभळीपाशी जाऊन इंजिन बंद करून बसा. आधी सगळे माना वळवून गाडीकडे टक लावतील. थोड्या वेळाने एकेकाची शेपूट हलायला लागते, एखादा परत पानाकडे वळतो, की समजायचं आपण आता झाडाझुडपात जमा झालो. लेक नाकुरू उद्यानात आम्ही असे पाऊण तास बसलो. मेहुणा कंटाळून चिवड्याचा डबा उघडून बसला होता. शेवटी एक मादी आणि तिचं पिल्लू बारा-पंधरा मीटरवरून गेले, तेव्हा 105 सुद्धा जास्त वाटत होतं.

एका गोष्टीत मात्र अडून बसू नका: पाणी. जिराफ पाण्याकडे येत असेल आणि गाडी त्याच्या वाटेत असेल तर मागे घ्या. पुढचे पाय फाकवून मान खाली घातली की तो सगळ्यांत असहाय असतो, सिंह याचीच वाट बघतात. त्यामुळे तो आधी बराच वेळ नुसता उभा राहून चाहूल घेतो, आणि जरा खटकलं तर न पिता परत जातो.

वेळ

केनिया विषुववृत्तावर असल्याने वर्षभर सूर्य साधारण साडेसहाला उगवतो आणि साडेसहालाच मावळतो. सहाच्या सुमाराला बाहेर पडलात तर उन्हाच्या दिवशी नऊ-साडेनऊपर्यंत हवा शांत मिळते. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा बरी होते, पण जमीन लगेच निवत नाही, म्हणून माझा जास्त भरवसा सकाळवर. ढगाळ दिवस आला की लोक तोंड पाडतात. जिराफासाठी तो सणाचा दिवस आहे. जमीन तापत नाही, झळा नाहीत, दुपारी बारालाही लांब लेन्स चालते. पावसाची एक सर पडून गेली असेल तर विचारूच नका.

जागेजागेतही फरक आहे. मारा उंचावर, त्यामुळे सकाळी स्वेटर लागतो आणि हवा उशिरा बिघडते. सांबुरू (उत्तरेकडचं राखीव रान) त्यापेक्षा खाली, कोरडा आणि गरम, तिथे झळा लवकर सुरू होतात. पण सांबुरूचा जाळीदार जिराफ एक मोठी सोय करून देतो. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या रेषा एकदम स्वच्छ, आखल्यासारख्या असतात. त्या लहरायला लागल्या की कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरच कळतं, आता थांबा. माराच्या मसाई जिराफाचे ठिपके मुळातच द्राक्षाच्या पानासारखे फाटक्या कडांचे. फोटो सॉफ्ट आहे की ठिपकाच तसा आहे, हे जागेवर समजतच नाही, घरी गेल्यावर रडू येतं. तिथे ठिपके सोडून डोळ्याच्या पापण्या किंवा पायाची कड झूम करून तपासा. नाकुरूला पिवळ्या खोडाच्या बाभळींची सावली आहे, अंतरंही कमी, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने जिराफाची सुरुवात तिथून करावी असं मी सांगेन.

गाडीतलीच हवा

हे मला सगळ्यांत उशिरा कळलं. उघडणाऱ्या छताची गाडी उन्हात उभी असली की पत्रा चांगलाच तापतो. त्या पत्र्यावर बीनबॅग (लेन्स टेकवायची, दाणे भरलेली पिशवी), बीनबॅगवर लेन्स, आणि लेन्सच्या तोंडासमोरच पत्र्यावरून उठणारी गरम हवा. समोरचा जिराफ वीस मीटरवर असला तरी फोटो खराब होतो. बॉनेटवरून फोटो काढला तर तेच, इंजिनची ऊब थेट फ्रेममध्ये. उपाय फुकट आहे. बॉनेट दुसरीकडे राहील अशी गाडी आडवी लावायला सांगायची आणि लेन्सचं तोंड पत्र्याच्या कडेबाहेर काढायचं.

पहाटेची गंमत उलटी. तंबूतली उबदार लेन्स बाहेरच्या गारठ्यात काढली की लांब हूडच्या (लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्याच्या) आतच गरम-गार हवेची घुसळण होते. पहिले फोटो मऊ, पुढचे आपोआप सुधारलेले, असं दिसलं तर हेच कारण. लेन्स पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, घाई असेल तर हूड काढून फोटो घ्या.

उरलेली तीन कारणं, पटापट

गाडी हलणे. इंजिन चालू असताना लांब लेन्स कधीच शार्प येणार नाही, हे धरून चाला. ड्रायव्हरदादांना आधीच सांगून ठेवा, तिथली मंडळी मनापासून ऐकतात. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’च म्हणतात, शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला. ‘झिमा गारी’ म्हटलं की इंजिन बंद. जिराफ म्हणजे ‘ट्विगा’. इंजिन बंद झाल्यावर उरतात आपलीच माणसं. सहा जणांच्या गाडीत एकजण या खिडकीतून त्या खिडकीत गेला की गाडी झोका घेते. आम्ही शेवटी एक-दोन-तीन म्हणून सगळ्यांनी एकदम स्तब्ध व्हायचं ठरवलं, शाळेतल्या स्टॅच्यूसारखं. हसू नका, चालतं ते.

बीनबॅग रिकामी न्या आणि नैरोबीत तांदूळ किंवा राजमा भरा. माराकडे छोट्या विमानाने जाणार असाल तर सामानाला साधारण 15 किलोची मर्यादा असते, भरलेली बीनबॅग त्यात बसत नाही. आणि धुळीसाठी कॅमेऱ्यावर घालायच्या म्हणून आपल्याकडच्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगा नेऊ नका. केनियात 2017 पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे. जुनी उशीची खोळ न्या, तिच्याइतकं चांगलं काही नाही.

शटर. जिराफ संथ दिसतो, हा डोळ्यांचा भास आहे. त्याचे पाय इतके लांब की पळतानाही स्लो मोशन वाटतं, प्रत्यक्षात तो ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे जातो. मी पहिल्या दिवशी चालत्या जिराफाला 1/250 दिलं होतं, चारही खुरं पुसली गेली. उभा असेल तर 1/500, चालत असेल तर 1/1000. दोन नर माना आपटून झुंजत असतील किंवा पाणी पिऊन एखादा झटक्यात डोकं वर करत असेल तर 1/2000. त्या झटक्यात ओठांवरून पाण्याची कमान उडते. ती टिपायची असेल तर मान खाली असतानाच डोकं जिथे येणार तिथे रिकामी जागा सोडून फ्रेम लावून ठेवा. नाहीतर कमान येते आणि डोकं कापलं जातं. माझ्याकडे असे चार फोटो आहेत.

फोकस. बाभळीत तोंड खुपसलेल्या जिराफावर कॅमेऱ्याचा डोळा ओळखणारा फोकस काटेच पकडतो. त्याच्याशी भांडण्यापेक्षा एका बिंदूचा फोकस निवडा आणि मानेच्या वरच्या टोकाला, जबड्याखाली ठेवा. ठिपक्यांच्या कडांवर तो चटकन बसतो. मात्र 400 मिलिमीटर, एफ 5.6 (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि तीस मीटर अंतर असेल तर शार्पपणाची खोली पुढे-मागे मिळून जेमतेम पावणेदोन-दोन मीटर असते. जिराफ तुमच्याकडे तोंड करून उभा असला तर चेहरा शार्प आणि पार्श्वभाग मऊ येणारच, त्याला दोष म्हणू नका. त्याहून सोपं म्हणजे रवंथाची वाट बघा. खाणं थांबवून तो डोकं झाडाबाहेर काढून उभा राहतो, जबडा आडवा फिरत असतो. मग एकदम थांबतो, गिळतो, आणि जरा वेळाने खालून नवा घास मानेतून वर चढताना चक्क बाहेरून दिसतो. एवढ्या लांब मानेतही मणके सातच, आपल्याइतकेच, आणि त्या मानेवरून तो गोळा लिफ्टसारखा वर येतो. या सगळ्या वेळात डोकं जवळजवळ स्थिर असतं.

एक्सपोजरचं सॉफ्टपणाशी थेट नातं नाही, पण काळा पडलेला चेहरा नंतर उजळला की दाणे येतात आणि लोक त्यालाच सॉफ्ट म्हणतात. जिराफाचं डोकं नेहमी आभाळावर येतं. पांढरट आभाळ मागे असेल तर एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) वाढवून घ्या. नाकुरूच्या जिराफांचे गुडघ्याखालचे पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे असतात, ते उन्हात जळणार नाहीत एवढं बघा.

काय केल्याने काही होत नाही

टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा जोड): झळा आणखी मोठ्या दिसतात. घरी येऊन शार्पनिंग ओढणे: लहरींना धार येते, जिराफ सोललेला दिसतो. नवी एआय सॉफ्टवेअरं अंगावर केस काढून देतात खरे, पण ते केस त्या जिराफाचे नसतात. बर्स्ट मात्र घ्या. वीस फ्रेममध्ये एखाद्या क्षणी मधली हवा स्थिर सापडते आणि एक फोटो अचानक स्वच्छ निघतो. आकाशातले ग्रह टिपणारे लोकही हेच करतात. लेन्सवरचा स्वस्त यूव्ही फिल्टर एकदा काढून बघा. लांब लेन्सवर तो कधीकधी खरंच गुन्हेगार निघतो.

आणि झळा टाळता येतच नसतील तर त्यांचाच फोटो काढा. अंबोसेलीच्या कोरड्या तळ्यावर भर दुपारी जिराफांची रांग निघाली होती. खाली चकचकीत मृगजळ, पाय गुडघ्यापासून गायब, आणि वरच्या माना तरंगत चाललेल्या. मी वैतागून तीनच फोटो काढले होते. त्या ट्रिपमधला प्रिंट करून भिंतीवर लावलेला फोटो तोच एक.

निघण्याआधी घरच्या घरी चाचणी घेऊन टाका. सकाळी सातला गच्चीवर जा आणि दीडशे-दोनशे मीटरवरच्या टाकीवरची किंवा दुकानाच्या पाटीवरची अक्षरं लेन्स पूर्ण ताणून टिपा. त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर, दुपारी दोनला परत टिपा. सकाळचा फोटो शार्प आला तर लेन्स ठीक आहे, तिला दुरुस्तीला पाठवू नका. उन्हाळाच हवा असं नाही. मध्ये चार पत्र्याची छपरं असली की डिसेंबरातही दुपारची अक्षरं नाचताना दिसतात.